कुंकू लागलेलं रजिस्टर

मित्रांनो, मी एक जुनं रजिस्टर आहे आणि मला माझ्याच अंगाची शिसारी येते.

माझ्या कडांमध्ये सात वर्षांचं कुंकू मुरलं आहे. त्यावर नारळाचं पाणी, त्यावर अगरबत्तीची राख, त्यावर बुंदीच्या लाडवाचं तूप. पावसाळ्यात हे सगळं फुगतं आणि आंबूस वास मारतं. एवढं होऊनही माणसं माझ्यापुढे डोळे मिटून उभी राहायची. एकानं तरी नाक धरावं, असं मला फार वाटायचं.

रायपुरातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, आणि पानं दोऱ्यानं शिवलेली. माझी भावंडं कुणी शाळेत हजेरीसाठी गेली, कुणी दवाखान्यात. मला मीनलनं घेतलं.

मीनल भिलाईला रिसालीत राहते. नवरा कौस्तुभ रायपूरला नोकरी करतो, रोज जाऊन येऊन. घराच्या खालच्या खोलीत तिनं शिलाईच्या सहा मशिनी मांडल्या. ठेकेदारांकडे काम करणाऱ्या मजुरांसाठी जाड कॅनव्हासचे हातमोजे शिवायचे, असं तिनं ठरवलं. कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिरात तिला सांगितलं होतं, की धंदा छोटा असला तरी त्याची योजना कागदावर पाहिजे. ती योजना तिनं माझ्यावर लिहिली.

पहिल्या चार पानांवर काय बनवायचं, कुणासाठी, वर्षभरात कुठवर पोचायचं. पाचव्या पानावर चार प्रश्न. माल कोण घेतं? परत काय आलं? घेणं कुणी थांबवलं, आणि का? आता काय बदलायचं? त्याखाली ‘दर तीन महिन्यांनी’ असं लिहून तिनं दोन रेघा मारल्या.

पहिली दोन वर्षं तिनं हे पाळलं. दर तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी मशिनी तासभर बंद. सगळ्या बाया चटईवर, मी मधे. माझ्यावर चहाचे कप ठेवायच्या, तेलकट बोटांनी पानं उलटायच्या. मला ते आवडायचं.

त्यांच्यात ताराबाई होत्या. वय पन्नाशीचं, चरोद्याहून लोकलनं येणाऱ्या. एकदा पन्नास जोड परत आले, सगळे अंगठ्याजवळ फाटलेले. मीनलचा चेहरा उतरला. ताराबाईंनी एक मोजा उलटासुलटा करून पाहिला.

“चेहरा पाडून काय होते ताई? मजूर पाटी उचलते तं सारा जोर इथंच येते. इथं दोन पदर लावा.”

मीनलनं माझ्यावरचं जुनं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. वर्षाचं उद्दिष्टही कमी केलं, कारण दोन पदर शिवायला वेळ लागतो. मित्रांनो, उद्दिष्ट कमी करायला छाती लागते. वाढवायला काय, पेन पुरतो. त्या वर्षी ठेकेदार स्वतः दारात यायचे आणि “वो डबलवाले देना” म्हणायचे. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग मीनलचे सासरे उमाकांतजी रिटायर झाले. चौतीस वर्षं एका ऑफिसात बाबू होते. दरसाल विभागाच्या उद्दिष्टांचा कागद भरायचं काम त्यांच्याकडे. मागच्या सालचा कागद समोर घ्यायचा, साल बदलायचं, आकड्यात दहा टक्के घालायचे, सही. चौतीस वर्षांत कुणी उलटून विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. सुनेच्या धंद्याचं कौतुक साऱ्या मोहल्ल्याला सांगायचा. म्हणूनच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाला निदान हाकलता येतं.

भिलाईत विश्वकर्मा पूजा काय असते हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. सतरा सप्टेंबरला मशिनी धुऊन पुसून हार घालतात. त्या दिवशी औजार आराम करतं, त्याला कुणी कामासाठी हात लावत नाही. रिटायर झाल्यावरच्या पहिल्याच पूजेला उमाकांतजींनी लाल कापड अंथरलं. त्यावर कात्र्या, टेप, मोज्यांचे पुठ्ठ्याचे फर्मे, आणि सगळ्यांच्या वर मला ठेवलं.

“धंद्याची कुंडली हाये ही,” ते म्हणाले. “हिची पूजा पहिले.”

आणि तिथेच त्यांनी जाहीर केलं, की आढावा आता वर्षातून एकदा, पूजेच्या दिवशी. “तास तास मशिनी बंद ठेवून बाया गप्पा करून राहिल्या. असं धंद्यात चालत नाही.”

मीनल म्हणाली, “मामाजी, बाहेर काढलंच आहे तं वाचून घेऊ ना.”

“आज नाही बेटा. आज औजार आराम करते. पेन पण औजारच हाये.”

“मग उद्या?”

“उद्या कावून? उद्या काम नाही काय?”

पाहिलंत? मला बाहेर काढायचा दिवस एकच, आणि त्याच दिवशी मला उघडायचं नाही. नवा आकडा ते आदल्या संध्याकाळीच माझ्या पुठ्ठ्यावर पट्टी लावून लिहून ठेवायचे. मीनलचाही मला राग आहे. सासऱ्याला उलट कसं बोलायचं म्हणून ती सहा वर्षं गप्प बसली आणि इकडे माझी पानं सडली.

पहिल्या साली बारा हजार जोड. मग तेरा हजार दोनशे. मग चौदा हजार पाचशे वीस. करोनात माल गल्लीबाहेर जात नव्हता, त्या सालीही दहा टक्के वाढलेच. आकडा वाचला की टाळ्या, टाळ्यांनंतर लाडू, लाडवानंतर फोटो. फोटोत मधे मी, गळ्यात झेंडूचा हार. मेलेल्या माणसाच्या तसबिरीला घालतात तसा.

बाहेर काय चाललं होतं ते कुणी माझ्यावर लिहिलं नाही. बाजारात रबराचा थर दिलेले मोजे आले. ठेकेदार एकेक करून येईनासे झाले. आमचे मोजे पोत्यांत भरून जिन्याखाली गेले. एका पोत्यात उंदरीण व्याली. गुलाबी, आंधळी पिल्लं मोज्याच्या बोटाबोटांत वळवळत होती. त्या साली आकडा होता सतरा हजार पाचशे एकोणसत्तर.

सहा मशिनींपैकी तीन चालू राहिल्या, सहा बायांपैकी तिघी. शेवटी कौस्तुभ म्हणाला, दिवाळीला बंद करू. मशिनी पाहायला गिऱ्हाईकही येऊन गेलं.

या सालची पूजा झाली ती अशा घरात. आरती संपली. उमाकांतजींनी खाकरून आकडा सांगितला, “एकवीस हजार दोनशे एकोणसाठ.”

टाळ्या वाजल्या. ताराबाईंनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

“काय ताराबाई, हात दुखते काय?”

“नाही काकाजी. दिवाळीनंतर मी कुठं कामाले जाऊ तेवढं सांगा, मंग वाजवते.”

“आजच्या दिवशी असं अभद्र बोलू नोको.”

“अभद्र मी नाही बोलून राहिली. उंदरं बोलून राहिली जिन्याखाली.”

ताराबाईंनी पिशवीतून एक मळका हातमोजा काढला. आमचाच. मनगटाला सुतळी गुंडाळलेली.

“माह्या लहान बहिणीचा हाये, गीतांजलीचा. ठेकेदाराकडं रेजाचं काम करते. बाईमजूर म्हणजे सारा भार तिच्याच डोक्यावर. हा मोजा तिच्या हातात राहतच नाही, म्हणून सुतळी बांधते. मागच्या महिन्यात सुतळी सुटली, मोजा निसटला, आन् हात गेला तापल्या पत्र्यावर. चार बोटं सोलली. हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर.”

खुशबू तिघींतली सगळ्यात तरुण. तिनं मोज्यात हात घालून पाहिला. “अंकल, इसमें तो मेरे दोनों हाथ आ जाएँगे. ऊपर से टिफिन भी.”

“दोन वर्षं झाले मले सांगताना,” ताराबाई म्हणाल्या. “बाईच्या हाताचा फर्मा बनवा.”

“लहान साइज योजनेत नाही,” उमाकांतजी म्हणाले.

“योजनेत काय आहे ते शेवटचं कुणी पाहिलं, मामाजी?” हे मीनल बोलली. आवाज चढवला नाही. तरी खोलीतली सगळी तिच्याकडे वळली.

तिनं मला लाल कापडावरून उचललं.

“मीनल, खाली ठेव. पूजेची वस्तू हाये ती.”

“माझी वही आहे. माझ्या हातानं लिहिली.”

तिनं उघडायला पाहिलं, पण मी उघडेना. पहिली पानं कुंकवानं आणि नारळाच्या पाण्यानं एकमेकांना चिकटून फळी झाली होती. तिनं नखानं सोललं. आत काळी बुरशी होती आणि एक चपटं झालेलं झुरळ. पाचवं पान निघालं ते अर्धं दुसऱ्या पानाची कातडी घेऊन. चार प्रश्नांपैकी एकच वाचता येत होता. मीनलनं तो वाचला.

“घेणं कुणी थांबवलं, आणि का?”

उमाकांतजी समईची वात सारखी करत बसले. चौतीस वर्षांत असला प्रश्न त्यांच्या कागदावर आलाच नव्हता.

“मरदांनी थांबवलं,” ताराबाई म्हणाल्या. “त्याइले रबरवाले भेटले, ते आपल्याच्यानं बनत नाही. अन् रेजांनी तं कधी घेतलंच नाही ताई. जे भेटलं ते घातलं. त्याइच्या मापाचं कोणी बनवतच नाही.”

मीनलनं लाल कापडावरची कात्री घेतली. तिच्यावरचं फूल बाजूला ठेवलं.

“आज औजाराले हात नाही लावत, मीनल.”

“माहीत आहे मामाजी. गीतांजलीचे हात पण औजारच आहेत. तेही आज आरामच करून राहिले असतील ना?”

तिनं माझ्या पाठीतला दोरा कापला. दुखलं का, विचाराल. खूप दुखलं. पिकलेला फोड फुटावा तसं दुखलं. माझी पुढची पानं, सात आकड्यांच्या पुठ्ठ्यासकट, तिनं परत लाल कापडावर ठेवली.

“हे तुमचं. पुजत बसा. मागचं कोरं माझं.”

उमाकांतजी लाडवाचं ताट उचलून वर गेले. मग मीनलनं खुशबूला खाली बसवलं, तिचा पंजा माझ्या कोऱ्या पानावर पसरायला सांगितला आणि पेन्सिलीनं बोटांभोवती रेघ ओढली. ताराबाईंनी पानावर टेप धरली. नव्या योजनेची पहिली ओळ म्हणजे बाईच्या हाताचं माप.

आता मी अर्धं रजिस्टर आहे. ताराबाईंच्या मशिनीशेजारी खिळ्याला टांगलेलं. लहान मापाचे दोनशे जोड शिवले, दोन ठेकेदारांच्या रेजांनी घेतले, गीतांजलीनं सगळ्यांत आधी. तीस परत आले, मनगटाला घट्ट होतात म्हणून. ते तीसही माझ्यावर लिहिले आहेत, कारणासकट. आकडा छोटा आहे आणि दर सोमवारी बदलतो. कौस्तुभनं होळीपर्यंत मुदत दिली आहे. धंदा तरेल असं मी म्हणणार नाही, मला खोटं बोलायचा कंटाळा आला आहे. पण मशिनी अजून जागेवर आहेत. उमाकांतजी खाली येत नाहीत. माझी पुढची पानं त्यांच्या देव्हाऱ्यात आहेत, अजून हार घालून. त्यांचं माझं आता काही नातं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, मावशीच्या दुकानात, काकाच्या कारखान्यात असा एखादा कागद असेल. त्याला प्लास्टिकचं कव्हर घालू नका, चौकट करून भिंतीवर लावू नका. तो हातात घ्या आणि त्यावर शेवटचं कुणी, कधी खोडलं ते शोधा. वर्षभरात एकही ओळ खोडलेली सापडली नाही, तर समजा तो कागद मेला आहे. आणि मोठ्यांना तोंडावर विचारा, या मढ्याच्या भरवशावर कुणाकुणाची चूल ठेवली आहे.