मी, मोटारीचे पोचे काढणारा हातोडा

मी हातोडा बोलतोय, पण लोखंडी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. लोखंडी हातोडा म्हणजे नुसती दांडगाई. मोटारीच्या पत्र्यावर तो पडला की पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा काही केल्या नीट बसत नाही. मी चिंचेच्या लाकडाचा आहे. लहानसहान पोचे काढायला माझ्यासारखा सबुरीचा गडी लागतो.

माझं लाकूड रामजीनं मालवणहून आणलं आणि बुधाजीनं मला तासून घडवलं. दोघे एकाच गावचे, एकाच गॅरेजात पत्र्याचं काम करणारे, नायगावच्या चाळीत समोरासमोर राहणारे. दोघांची बायकापोरं गावाला. रविवारी चाळीमागच्या मोकळ्या जागेत कुणाची तरी टॅक्सी येऊन उभी राही आणि आमचं घरचं काम सुरू होई. बुधाजी मडगार्डखाली उताणा शिरे आणि आतून मला हळूहळू चालवी. रामजी बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरी, आणि मध्येच डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवी. पोचा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी हाताला लागतो.

"जरा डावीकडे मार रे. हां, आता इलो वर," रामजी सांगे, की बुधाजी थांबे. दोघांची कामं अशी जुळली होती की मला माझ्या कष्टांचं काही वाटत नसे.

मग पंचावन्न सालचा नोव्हेंबर आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. बुधाजीचा पाय सुजला होता म्हणून तो घरी राहिला. रामजी मोर्चाला निघाला, तो जाताना दारातून म्हणाला, "आज हत्याराक हात लावूचो नाय हां."

"मी काय खुळो आसंय?" बुधाजी हसला.

तासाभरानं शामराव आला. चाळीतलाच, प्रभादेवीच्या एका शेटचा ड्रायव्हर. आदल्या दिवशी त्यानं शेटची गाडी फाटकाच्या खांबावर घातली होती. मडगार्डला वाटीएवढा पोचा. शेट दुसऱ्या दिवशी पुण्याहून परतणार होता, आणि पोचा त्याच्या नजरेस पडला असता तर शामरावला घरी बसावं लागलं असतं. पहाटेच त्यानं गाडी गुपचूप चाळीमागे आणून लावली होती.

"माझ्या पोरांची शपथ हाय तुला. काढून दे, आन् कुणाला बोलू नगंस," तो बुधाजीचे पायच धरायला लागला.

बुधाजीनं शपथ घेतली. मग स्वतःची समजूतही घातली, की हरताळ गॅरेजाला आहे, घराला थोडाच आहे! आणि लाकडाचा आवाज तो केवढा! त्यानं माझ्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि तो गाडीखाली शिरला.

इथेच आमचं चुकलं. एरवी रविवारी ट्रामच्या खडखडाटात आणि पोरांच्या गलक्यात माझा आवाज कुणाच्या कानावर गेलाच नव्हता. मलाही तो ठाऊक नव्हता. त्या दिवशी गिरण्या बंद, ट्राम बंद, रस्ता ओस. माझा एकेक ठोका साऱ्या चाळीभर घुमला आणि गॅलऱ्या माणसांनी भरून गेल्या.

"काय ओ बुधाजी, आज कुणाची गाडी ठोकताय?" खाणावळवाल्या कांताबाईनं वरून विचारलं.

बुधाजीनं बाहेर येऊन शामरावकडे पाहिलं. शामराव म्हणाला, "शेटचा हुकूम हाय. मी म्हटलं आज बंद, तर हे बुधाजीच म्हणाले, करतो की."

बुधाजीनं खरं काय ते पोटात ठेवलं आणि तो पुन्हा गाडीखाली शिरला. दिलेली शपथ ना! मला शामरावचा राग आला, अजूनही येतो.

संध्याकाळी रामजी परतला तो डोक्याला पट्टी बांधून. फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला होता. जिन्यातच लोकांनी त्याला सगळं सांगितलं. दारात उभा राहून त्यानं बुधाजीच्या मांडीवर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"थंय माणसां मेली, नि तू हंय शेटची गाडी सारखी करी होतंस?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. आठवड्याभरात त्यानं गॅरेज बदललं.

पुढची साडेचार वर्षं मी सांगू नयेत अशीच गेली. शामरावची नोकरी टिकली, पण बुधाजी दिसला की तो वाट बदली. खाणावळीत कांताबाई ताट वाढायची, पण शेजारच्या पाटावर कुणी बसायचं नाही. रविवारची कामं बुधाजी एकटा करू लागला. ठोकळा गुडघ्यानं दाबायचा, डोकं मडगार्डच्या आत, आणि माझे ठोके थेट कानात. मग बाहेर येऊन तळवा फिरवायचा, पुन्हा आत शिरायचं. माझ्या हातून पोच्यांची टेंगळं होऊ लागली. माझी मला लाज वाटायची.

पत्रा ठोकणाऱ्यांचे कान जातातच, बुधाजीचे लवकर गेले. आधी त्याला नळाला पाणी आलेलं कळेना, मग गिरणीचा भोंगाही ऐकू येईना. चाळीत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीत गुलाल उधळला, पेढे वाटले. त्या आनंदात शामरावला काय झालं कोण जाणे, पेढा हातात घेऊन तो रामजीपुढे रडला आणि सगळं ओकला.

काल दुपारी रामजी आमच्या दारात आला. बुधाजी खिडकीकडे तोंड करून मला काचकागदानं घाशीत बसला होता.

"बुध्या, शामरावान सगळा सांगल्यान. माझा चुकला रे. तेव्हाच तुका विचारूक व्हया होता."

बुधाजी मला घाशीत राहिला.

"बोल मरे कायतरी. शिवी तरी घाल."

काचकागदाची खरखर तेवढी चालू होती. रामजी किती वेळ उभा होता!

"बरा. परवाच्या बोटीन गावाक जातंय. कायमचो." आणि तो गेला. उंबरा ओलांडून दोन पावलं आत आला असता, खांद्यावर हात ठेवला असता, तर!

मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. पण ठोकल्याशिवाय मला आवाज फुटत नाही, आणि बुधाजीच्या मांडीवर मी नुसता पडून होतो.

बोट उद्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटते. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. कुणीतरी धावत जा आणि रामजीला एवढंच सांगा, बुधाजी रागावलेला नाही. त्याला ऐकू येत नाही.