कांबळ्याचा बोळा

मित्रांनो, मी तोफगोळ्याची एक जुनी पितळी पुंगळी आहे. तुमच्या शाळेच्या सभागृहात, व्यासपीठाच्या कोपऱ्यात मी उभी असते. समारंभ असला की माझ्यात फुले ठेवतात, एरवी छत्र्या. माझ्या अंगावर एक पोचा आहे. पुष्कळांना वाटते की तो लढाईत पडला. तो झाडूवालीच्या हातून मी पडले तेव्हाचा आहे. लढाईची खूण बाहेरून दिसत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आधी पाण्याचे नळ बनत. युद्ध सुरू झाले, पुरुष निघून गेले आणि यंत्रांवर त्यांच्या बायका, बहिणी उभ्या राहिल्या. त्यांनी पितळेची चकती दाबयंत्राखाली घातली, मला ओढून उंच केले, माझी कड घासली.

"काय रूप आलंय बघ सवतीला!" एक म्हणाली.

"नांदायला कुठे चाललेय ते कळलं, तर उतरेल सगळं रूप," दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

तोफेत माझे काम एका धमाक्याचे होते. पोटात दारू, तोंडावर गोळा. गोळा गेला आणि मी तापून मागे पडले. तो कुठे पडला, तिथे कोण होते, हे मला कधीच कळले नाही. पुढे एका सैनिकाने मला ढिगातून उचलून खंदकात नेले.

खंदक म्हणजे माणसाच्या उंचीहून खोल चर. तळाशी पाणी, पाण्यावर डुगडुगणाऱ्या फळ्या, दोन्ही बाजूंना मातीच्या पोत्यांच्या भिंती. पावसाने भिंत ढासळली, की पूर्वी पुरलेल्या एखाद्याचा हात बाहेर यायचा. लोक त्या हाताला वळसा घालून जेवणाचे डबे नेत. पहिल्या दिवशी मान फिरवत. आठवड्याने तीही फिरवत नसत.

मला तिथे तारेने उलटे टांगले आणि माझ्या आत एक लोखंडी बोल्ट लोंबकळत ठेवला. मी इशाऱ्याची घंटा झाले. पलीकडून विषारी वायू सोडला, की पहारेकऱ्याने मला बडवायचे आणि सगळ्यांनी मास्क चढवायचे. पण वारा सुटला की बोल्ट आपोआप हलायचा आणि मी उगीच वाजायचे. माणसे दचकून उठत, मास्क शोधत, मग मला शिव्या घालत. म्हणून वारा असला की माझ्या पोटात फाटक्या कांबळ्याचा बोळा कोंबायचा आणि पहारा बदलताना नव्या माणसाला तसे सांगून जायचे, अशी रीत पडली.

माझ्या शेजारच्या कोनाड्यात दोघे राहत. एक पाव भाजणारा होता, त्याला सगळे पाववाला म्हणत. दुसरा तारघरातला कारकून. तो तारबाबू. तारबाबू कविता लिहायचा.

"तारबाबू, माझ्यावर एक लिही की," पाववाला म्हणायचा.

"तुझ्यावर काय लिहू? घोरतोस त्याबद्दल?"

"लिही ना! आईला तेवढं वाचूनच पटेल की मी जिवंत आहे."

एकदा तारबाबूचे सलग पहारे झाले. बसल्या जागी त्याचे डोके गळत होते. त्यात वारा उठला. पाववाल्याने पहारेकऱ्याला विचारून कांबळ्याचा बोळा घेतला आणि माझ्या पोटात घट्ट दाबला. "बाई, जरा गप्प बस," तो मला म्हणाला. "माझ्या दोस्ताला झोपू दे."

पहाटे वारा पडला. पहारा बदलला. जाणारा माणूस थंडीने कुडकुडत होता. बोळ्याचे सांगायचे तो विसरला. थोड्या वेळाने पिवळसर धुके जमिनीला चिकटून आमच्याकडे सरकू लागले. नव्या पहारेकऱ्याने मला जीव खाऊन बडवले. मी वाजले नाही. उशीवर थापटी मारावी तेवढाच आवाज आला.

पाववाला भट्टीचा माणूस, पहाटे उठायची सवय असलेला. त्याने ते धुके पाहिले. त्याने तारबाबूला गदागदा हलवले, त्याच्या तोंडावर मास्क दाबला. मग शेजारच्याला, मग त्याच्या पलीकडच्याला. स्वतःचा मास्क चढवायला त्याला उशीर झाला.

तो लगेच गेला नाही, मित्रांनो. सगळी सकाळ लागली.

दोन दिवसांनी तारबाबूने कविता लिहिली आणि स्ट्रेचर उचलणाऱ्या काकांना वाचून दाखवली. 'तेजस्वी वीरा, तुझ्या रक्तातुनी उगवेल सोनेरी पहाट', अशी तिची सुरुवात होती.

काका बिडी विझवून म्हणाले, "छान आहे. कोणावर आहे?"

तारबाबूने कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्याने तारघरात रोज करायचा तेच केले. तिथे लोक दुःखाने भरलेला लांबलचक मजकूर घेऊन खिडकीशी येत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तो एकेक शब्द खोडत जाई आणि शेवटी 'बाबा गेले, लगेच ये' एवढेच उरे. तेवढ्यानेच पलीकडचा माणूस मटकन खाली बसे. त्याने आपल्या कवितेतला तेजस्वी खोडला. वीर खोडला. रक्त आणि पहाटही गेली. मग काही उरलेच नाही, तेव्हा जे घडले ते त्याने लिहिले:

*घंटेच्या पोटात कांबळ्याचा बोळा होता.*
*तो त्यानेच कोंबला. मी झोपावे म्हणून.*
*वायू आला. त्याने मला उठवले, मग इतरांना.*
*सकाळभर तो श्वास घेत होता.*
*श्वास आत जात नव्हता.*
*दुपारी त्याचे बूट दुसऱ्याला दिले.*
*त्याला ते बरोबर बसले.*

काकांनी दुसरी बिडी काढली, पण पेटवली नाही.

पुढे तारबाबूचा एक पाय निकामी झाला. घरी परतताना त्याने मला बरोबर नेले. गावात तेव्हा स्मारक उभे राहत होते आणि अनावरणाला त्याने कविता वाचावी, असा आग्रह होता. त्याच मैदानात नव्या भरतीचे टेबल लागणार होते. कविता पाहून समितीचे अध्यक्ष गोरेमोरे झाले.

"अहो, बोळा काय, बूट काय! पोरगा स्वतःच्या चुकीने मेला असं वाटतं यातून. त्याच्या आईला पलटणीच्या साहेबांनी कळवलंय, झोपेतच गेला म्हणून. तिच्यासमोर वाचणार हे?"

तारबाबू मला काखोटीला मारून पाववाल्याच्या घरी गेला. आई कणीक मळत होती. धाकटा मुलगा भट्टीत लाकडे सारत होता. भरतीसाठी त्याने नवा सदराही शिवून घेतला होता.

"मावशी, मला तुम्हाला काही वाचून दाखवायचंय. तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकतो."

त्याने वाचले. आईचे हात कणकेतच राहिले.

"बोळा त्यानेच कोंबला?"

"हो, मावशी."

"तोच तो. धाकटा झोपलेला असला की मला भांडं वाजवू द्यायचा नाही." तिने कोपराने डोळे पुसले. "साहेबांच्या पत्रातला मुलगा मी ओळखत नव्हते रे. हा माझा आहे. वाच तिथे. आणि या धाकट्याला पुढे उभं कर."

समारंभाच्या दिवशी मला चिंचेने घासून लख्ख केले होते. तारबाबूने कविता वाचली. अध्यक्षांनी बँडला खूण केली, पण कोणी वाजवायला धजेना. भरतीच्या रांगेतून धाकटा बाहेर पडला. त्याच्या मागून आणखी काही.

"भेकड!" कोणीतरी ओरडले. त्याने वळून पाहिले नाही.

हिवाळ्यात सक्तीच्या भरतीचा कायदा आला आणि धाकट्याला घरातून नेले. कविता रांगेतून बाहेर काढू शकली, कायद्यापुढे तिचे काही चालले नाही. तो परतला, पण अर्धी फुप्फुसे तिकडेच ठेवून. पुढची कितीतरी वर्षे त्याने भट्टी चालवली, पावाच्या दर घाण्यामागे एकदा बाहेर येऊन दम घेत.

आता ती कविता तुमच्या पुस्तकात आहे आणि तारबाबूने शाळेला दिलेली मी या सभागृहात. परवा काव्यवाचनाची स्पर्धा झाली. धाकटा, आता पुरता म्हातारा, पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होता. एका मुलाने कविता फार सुरेख म्हटली. 'श्वास आत जात नव्हता' या ओळीला त्याने गळा धरला, डोळे फिरवले, खोकून दाखवले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच वेळी पहिल्या रांगेत म्हाताऱ्याला खराखुरा खोकला लागला. त्याला तो थांबवता येईना. मागच्या बाकांवर कोणाला वाटले, आजोबा नक्कल करताहेत. काही मुले हसली. तो तोंडावर रुमाल धरून, खुर्च्यांचा आधार घेत बाहेर गेला.

मित्रांनो, मला घासू नका, छत्र्याही खुशाल ठेवा. त्या कवितेला मात्र जपा. ती म्हणाल तेव्हा हळू म्हणा, हातवारे न करता. आणि म्हणून झाली, की टाळ्या वाजवू नका. थोडा वेळ गप्प बसा. बाहेरच्या पायरीवर एखादा माणूस श्वास घ्यायला थांबलेला असेल, त्याला पाणी नेऊन द्या.