जेवढं विचारलं तेवढंच

टीनानं आणलेला पिक्चर जर्मनीचा होता, नव्वद वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा. त्याचं नाव मला तेव्हाही उच्चारता आलं नाही आणि आता शिकायची इच्छा नाही.

टीना म्हणजे सुकरामची पोरगी. नागपूरला कॉलेजात सिनेमाचं काहीतरी शिकते. खेड्यातल्या लोकांना परदेशातला जुना चोर-पोलिसाचा पिक्चर दाखवायचा, मग एकेकाचं मत मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉलेजात द्यायचं, असा तिचा अभ्यास. घ्या! आमच्या मतावर नागपुरात मार्क मिळणार. आम्हाला तर आमच्याच गावात कोणी मत विचारत नाही.

रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात तिनं पडदा लावला. खिडक्यांवर ताडपत्री टाकून अंधार केला. धान मळून घरात आलं होतं, लोक रिकामे होते, पन्नास-साठ जण सहज जमले. माझा नवरा भैय्यालाल पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. तलावाच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे, त्याला मागं बसवतं कोण? मी बायकांत, सतरंजीवर. आणि पार मागं, दाराजवळ, भिंतीला टेकून सुकराम उभा होता.

अकरा वर्षांनी त्यानं गावात पाय ठेवला होता. तिरोड्याला एका राइस मिलवर चौकीदारी करतो. पोरीचं मशीन उचलायला आलो, असं त्यानं येताना दोघा-तिघांना आपण होऊन सांगितलं, कोणी विचारलं नसताना. केस पांढरे झाले होते. मी त्याला पाहिलं आणि पदर पुढं ओढून घेतला.

पिक्चरमध्ये एक बंदराचं गाव आहे. तिथं रस्त्यावरचे दिवे लावणारा एक माणूस असतो. एक व्यापारी पाण्यात मेलेला सापडतो. गल्लीतले चार लोक सांगतात, आम्ही दिवेवाल्याला तिथं पाहिलं. झालं, त्याला फाशी होते. मग एका इन्स्पेक्टरला कळतं, दिवेवाला तर त्या व्यापाऱ्याला बाहेर ओढायला गेला होता. शेवटी तो इन्स्पेक्टर त्या चौघांच्या घरी जातो, दार वाजवतो, खरं काय ते सांगतो. चौघंही दार लावून घेतात. तिथंच पिक्चर संपतो. टीना बाजूला उभी राहून आपल्या बोलीत सगळं समजावून देत होती, म्हणून कळलं.

बाकीचे पिक्चर पाहत होते. मी तलाव पाहत होते.

आम्ही कोहळी. तलाव बांधणारी जात. आमच्या गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी खोदला. त्याच्या पाळीच्या, मातीच्या बांधाच्या, आत तुडूम आहे, म्हणजे दगडाचा उभा खांब आणि त्याला खालपर्यंत भोकं. भोकात लाकडी बुच. बुच काढलं की पाणी पाटातून धानाच्या बांध्यांत जातं. हे बुच काढायचं-लावायचं काम पाणकराचं, आणि पाणकरी सुकरामच्या घरात त्याच्या आज्यापासून. सगळ्यात खालच्या बुचापर्यंत डुबकी मारणारा गावात तो एकटाच, असं आम्ही समजत होतो.

त्या वर्षी भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. धान गर्भात होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. पंचांनी ठरवलं, आठ दिवस पाणी सोडायचं नाही, मग सगळ्यांना सारखं वाटायचं. आणि बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, कोणीतरी खालचं बुच काढलं. लोक परतले तेव्हा अर्धा तलाव गेला होता.

मी त्या दुपारी घाटावर धुणं धूत होते. सुकरामला पाण्यातून निघताना मी पाहिलं. धापा टाकत होता, बोटं सोलली होती, आणि हातात लाकडी मोगरी होती. आता बुच काढायला मोगरी लागत नाही. मोगरी लागते ती बुच ठोकून बसवायला. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो बाजारातून लवकर आला, पाटाला पाणी पाहिलं आणि उडी टाकून त्यानं तलाव वाचवला होता.

दुसऱ्या दिवशी पाळीवर बैठक बसली. आमच्या गावात तलावाचा न्याय कसा होतो ते सांगते. ज्याला विचारायचं त्यानं ओंजळीत तलावाचं पाणी घ्यायचं. पंचानं विचारायचं. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, वर एक शब्द नाही. पाणी हातात घेऊन जास्तीचं बोलणं म्हणजे तलावाचा अपमान. जुन्या लोकांनी भांडणं वाढू नयेत म्हणून हे ठरवलं असणार. मला तर वाटतं, तोंड दाबायलाच ठरवलं.

विचारणारा पंच होता भैय्यालाल. घाटावर होते म्हणून आधी मला उभं केलं.

"सुकराम पाण्यातून निघताना दिसला का तुले?"

मी म्हटलं, "हो."

"सुकराम, तू पाण्यात उतरला होतास का?"

तो म्हणाला, "हो."

दोघांनी खरंच सांगितलं. मोगरीचं कोणी विचारलं नाही. मी वाट पाहिली, कोणीतरी विचारेल. ओंजळीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, कोणी विचारलं नाही. सुकरामची पाणकरी गेली. त्याच्या बांधीला पाणी बंद झालं. दिवाळीच्या आत तो बायकोला, सावित्रीबाईला, आणि दहा वर्षांच्या टीनाला घेऊन तिरोड्याला गेला. सावित्रीबाई तिकडंच वारली. मी मातीला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

बैठकीच्या संध्याकाळी मी आमच्या शेतावर गेले होते. पाळीखालच्या आमच्या पाचही बांध्या काठोकाठ भरलेल्या. बाजाराच्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहिलेला माझा नवरा बांधावर बसून होता.

"धान मरून राहिलं होतं," तो म्हणाला. "मंग काय करू?"

"आणि सुकराम?"

"तुले जेवढं इचारलं तेवढं खरं सांगितलंस ना? मंग झालं."

त्या वर्षीचा भात मी खाल्ला. घशाखाली उतरेना, असं म्हणणार नाही. चांगला शिजत होता. लाज वाटते सांगायला.

तर सभागृहात उजेड झाला, आणि टीना मोबाइल धरून एकेकाकडं जायला लागली. "कसा वाटला जी पिक्चर? मनात येईल ते सांगा."

पुनारामजी, आमच्यातले सगळ्यात म्हातारे, म्हणाले, "काळा-पांढरा बरा. डोळे चुरचुरत नाहीत. पण हिरो कोन होता बावा?"

सुशीलाबाईनं वेगळंच काढलं. "सारेच कोट घालते, सारेच टोपी घालते. चोर वळखावा कसा? आणि एक गानं नाही, काही नाही. जर्मनीत लगन नाही होत काय वो?"

हशा झाला. टीनाही हसली. पीयूष नावाचा आमच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "स्लो है. एवढं दार वाजवताना दाखवायची काय गरज? एकदा वाजवलं, समजलं ना." एक जण म्हणाला, गल्लीतल्या लोकांचा काय दोष, त्यांनी पाहिलं ते सांगितलं. त्याला बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी हात चोळत बसले होते.

मग टीना भैय्यालालपुढं आली.

तो खुर्चीत सावरून बसला. "पिक्चर ठीक आहे. पण तो इन्स्पेक्टर येडा आहे. मानूस मरून गेला. आता घरोघरी कायले फिरून राहिला? लोकायच्या जिवाले घोर. जे झालं ते झालं."

"बरोबर," पुनारामजी म्हणाले.

आणि टीना माझ्यापुढं बसली. सावित्रीबाईचेच डोळे. "शामकलाकाकू, तुमचं मत?"

मी ठरवून आले नव्हते. चांगला होता म्हटलं असतं तर कोण मला धरणार होतं? पण मागं सुकराम उभा होता, जिवंत, फाशी न गेलेला. मला वाटलं, बाई, तुझं नशीब पिक्चरपेक्षा बरं आहे. अजून वेळ आहे. आज नाही बोललीस तर मर अशीच.

मी उभी राहिले. म्हटलं, "पिक्चरचं मले काही सांगायचं नाही. सुकराम पाण्यातून निघाला तेव्हा त्याच्या हातात मोगरी होती. मी पाहिली. तो बुच बसवून निघाला होता. काढलं होतं माझ्या नवऱ्यानं."



"तिले पिक्चर चढला," भैय्यालाल हसून म्हणाला. कोणी हसलं नाही, पण त्याच्याकडं कोणी पाहिलंही नाही. सगळे जमिनीकडं पाहत होते. तेव्हा मला उमगलं, यांतल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. आमच्या भरलेल्या बांध्या काय मला एकटीलाच दिसल्या होत्या?

पुनारामजी खाकरले. "तेव्हा पाळीवर काऊन नाही बोललीस?"

"कोणी इचारलं नाही."

सुकराम भिंतीपासून पुढं आला. लोकांनी पाय आखडून त्याला वाट दिली. मी त्याच्याकडं पाहिलं. तो शिव्या देईल, रडेल, निदान म्हणेल, वहिनी, उशीर केलास. मी सगळ्याला तयार होते. खरं सांगू? मला वाटत होतं, त्याला आता बरं वाटेल.

त्यानं विचारलं, "मोगरी दिसली होती तुले? तेव्हाच?"

"हो."

"मंग सावित्री खरी होती." तो हळू बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "ती म्हने, शामकलानं पाहिलं, जानूनबुजून चूप बसली. मी भांडलो तिच्याशी. एकदा हात बी उचलला. म्हटलं, सारं गाव खोटं असन, पन वहिनी तशी नाही. तिनं मोगरी पाहिली असती तर ओंजळीतलं पानी फेकून सांगितलं असतं. मरेपर्यंत ती तेच म्हनत होती आणि मरेपर्यंत मी तिले खोटी पाडली."

 मी त्याच्याकडं हात पुढं केला असेल, कारण तो एक पाऊल मागं सरकला.

"बाबा," टीना म्हणाली. तिचा मोबाइल अजून चालूच होता. "बाबा, हे रेकॉर्ड झालं. आता सगळ्यायले दाखवता येते. तुमची पाणकरी..."

"पुसून टाक."

"पण बाबा, आईसाठी तरी..."

"आईले कोन दाखवते आता?" तो पडद्याची दोरी सोडायला लागला. "पुस बेटा. तुझ्या कॉलेजाले पिक्चरवरचं मत पायजे होतं ना? मंग तेवढंच ने."

टीनानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं माझ्यासमोरच ते पुसलं आणि बापाला पडदा गुंडाळू लागायला गेली.