हनोईची तालीम

पावसाळा सरत आल्यापासून दर रविवारी मन्सूर आणि श्रीधर पुण्यात परदेशी माणसं होऊन हिंडत. कल्पना श्रीधरची. पाठीवर एकेक सॅक घेऊन हनोईला जायचं आणि टॅक्सीला हात न करता तिथल्या लोकांच्या बसने सगळं शहर पाहायचं, हे दोघांचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. पण मन्सूर अनोळखी माणसाला साधा रस्ता विचारायचा तरी आधी घसा खाकरी, मग पुन्हा खाकरी आणि शेवटी विचारणंच सोडून देई. कसब्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत बसून तो काचा घासायचा; गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मालकांचं होतं.

"तिथे तू तोंड कसं उघडणार?" श्रीधर म्हणाला होता. "आधी इथे सराव करू."

नियम सोपे होते. बसमध्ये पाय ठेवल्यापासून परत येईपर्यंत मराठी नाही, हिंदी नाही, फोन नाही, रिक्षा नाही. जे विचारायचं ते हातांनी, डोळ्यांनी, फार तर ठिकाणाच्या नावाने. जायचं तेही पूर्वी कधी न पाहिलेल्या भागात.

या रविवारांनी मन्सूरला जे दिलं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भाषा काढून घेतली की तिच्याबरोबर त्याची भीतीही निघून जाई. बोलता न येणाऱ्या माणसाकडून कुणी चटपटीत बोलण्याची अपेक्षा करत नाही. लोक उलट थांबतात, हाताला धरून थांब्यापर्यंत सोडतात. ज्या शहरात तो जन्मला, ते त्याला आता कुठे आपलं वाटू लागलं होतं. दुकानातून आल्यावर तो हनोईच्या बसचे मार्ग पाठ करी. तिथल्या जुन्या भागात धंद्यांच्या नावांच्या गल्ल्या आहेत, आपल्या तांबट आळीसारख्या, हे वाचून तो इतका हरखला की थेट स्वयंपाकघरात जाऊन त्याने अम्मीला सांगितलं.

"मग तितक्या लांब कशाला जायचं?" अख्तरबानूंनी तव्यावरची चपाती उलटत विचारलं.

त्याचा पासपोर्ट आला होता. कुठली बस, कुठला थांबा, कुठून पुढे पायी, असा सगळा आराखडा त्याने श्रीधरला फोनवर पाठवून दिला होता. थंडीत निघायचं होतं. तिकिटं तेवढी श्रीधर काढणार होता. "भाव उतरू दे जरा," असं तो दर वेळी म्हणे.

आजची बस फुरसुंगीची होती. श्रीधरने दोन बोटं दाखवत, शब्दाची पार मोडतोड करून गावाचं नाव उच्चारलं, तेव्हा कंडक्टरबाईंनी दोघांच्या सॅककडे निवांत पाहून घेतलं.

"फुरसुंगी बघायला परदेशातून माणसं येतात," तिकिटं देत त्या मागच्या बाकाला उद्देशून म्हणाल्या, "हे फुरसुंगीला कुणीतरी कळवायला हवं."

पूलगेटला कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई चढल्या आणि समोरच्या आडव्या बाकावर बसल्या. श्रीधरला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"अरे श्रीधर! इकडे कुठे वाट चुकलास? मला म्हातारीला लेकीकडे हडपसरला जायचंय, तुला काय झालं?"

या म्हणजे श्रीधरच्या आईच्या मावसबहीण, सरोजिनीमावशी असणार. मन्सूरने त्यांच्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, पाहत मात्र आज होता. श्रीधरने चेहऱ्यावरचं परदेशी हसू तसंच ठेवलं आणि काही न कळल्यासारखी मान हलवली. मन्सूरला आतून हसू फुटलं. नियमासाठी मावशीलाही ओळख न देणं म्हणजे कमालच!

"काय रे, दाढ दुखतेय का?"

"आजी, त्यांना मराठी येत नाही," कंडक्टरबाईंनी सांगितलं.

"येत नाही? ह्याच्या मुंजीत पंक्तीला मठ्ठा वाढलाय मी! आणि ह्याला मराठी येत नाही?"

बसमध्ये हशा पिकला. मावशींनी पिशवी मांडीवर नीट घेतली. "बरं, नको बोलूस. तुझ्या आईने सांगितलंय मला सगळं. तिकिटं निघाली ना तुमची? हिंजवडीच्या ऑफिसातल्या मुलांबरोबर जातोयस ते बरं झालं. चौघं असलात की काळजी नाही. तो तुझा कसब्यातला मित्र ऐन वेळी नाही म्हणाला म्हणे. आईला फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, असेल त्याच्या घरची काही अडचण. पण बसचं सगळं आखून दिलं त्याने. आजकाल कोण करतं एवढं?"

श्रीधर हसतच होता.

मन्सूर वाट पाहत राहिला. एक शब्द पुरला असता. 'नाही' एवढाच. त्या एका शब्दासाठी नियम मोडला असता तर मन्सूरने तो आनंदाने मोडू दिला असता. पण श्रीधर खिडकीबाहेर पाहत होता आणि परक्या शहरातल्या प्रवाशासारखा दुकानांच्या पाट्यांवरून नजर फिरवत होता. फातिमानगर गेलं. रामटेकडी गेली. या वेळी मन्सूरने घसा खाकरला नाही.

"कधीची तिकिटं आहेत, मावशी?"

"अरेच्चा, ह्यांनाही येतंय!" कंडक्टरबाई म्हणाल्या.

"डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. हो ना रे?" मावशींनी श्रीधरकडे आणि मग मन्सूरकडे पाहिलं. "आपण कोण?"

"मी कसब्यात राहतो."

मावशींचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी पिशवी उघडली आणि तिच्यात नसलेलं काहीतरी शोधू लागल्या.

"सांगणार होतो रे," श्रीधर खालच्या आवाजात म्हणाला. त्याची मराठी आता अगदी स्वच्छ होती.

"कधी?"

"ऐक ना. त्या पोरांचं वागणं-बोलणं वेगळं आहे. तू गप्प गप्प बसणार, मग मला सगळा वेळ तुझ्याकडे बघावं लागणार. तुलाच त्रास झाला असता."

"मला विचारलं असतंस."

"तू येतो म्हणाला असतास. मग मी नको कसं म्हणणार?"

हे खरं होतं. मन्सूरने विचारलं, "मग आज कशाला आलास?"

श्रीधरने सॅकचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. "त्या तिघांना बसची सवय नाही. तिथे मलाच पुढे व्हावं लागणार. म्हटलं, सराव राहील."

मन्सूर एकेक रविवार उलटा मोजत मागे जाऊ लागला. धानोरीत एका म्हाताऱ्याने त्यांना स्वतःच्या छत्रीतून थांब्यापर्यंत आणलं होतं, तेव्हा तिकिटं निघाली होती का? कात्रजच्या पुढे वाट चुकून दोघं पोट धरून हसले होते, तेव्हा? जिथपर्यंत सगळं खरं होतं असा रविवार त्याला सापडेना.

मगरपट्ट्याला श्रीधर उठला. दाराशी दांडी धरून उभा राहिला, आणि मागे वळला.

"ती विमानतळावरून शहरात येणारी शेवटची बस किती वाजता असते रे? आमचं विमान उशिरा पोचतंय."

'आमचं' हा शब्द मन्सूरच्या कानात काचेच्या कणासारखा रुतला. सांगताना एक तासाचा फरक पुरला असता. चौघंजण सॅका घेऊन मोकळ्या थांब्यावर उभे आहेत, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर स्पष्ट उभं राहिलं, आणि ते पाहून त्याला बरं वाटलं. मग त्याने खरी वेळ सांगितली. ती बस चुकली तर काय करायचं, तेही सांगितलं.

"थँक्स रे," श्रीधर सुटका झाल्यासारखा म्हणाला. "रागावला नाहीस ना?" आणि उत्तराआधीच उतरला.

गाडीतळाला मावशी उठल्या. त्याच्यापाशी येऊन थांबल्या. "मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुम्ही सांगितलंत ते बरं झालं," मन्सूर म्हणाला. त्या उतरून गेल्या.

बस पुन्हा भरू लागली. मेथीचं गाठोडं कमरेवर घेतलेली एक बाई रेटारेटीतून वाट काढत आली आणि श्रीधरने रिकाम्या केलेल्या खिडकीजवळच्या जागेकडे बोट करून तिने विचारलं, "हितं कुनी हाय का?"

"नाही," मन्सूर म्हणाला, "कुणी नाही," आणि तिला जागा करून देत तो खिडकीकडे सरकला. बाक तिथे अजून उबदार होता.