गाडीतलं पाणी जातं कुठे

लवूच्या लेकीचं, नम्रताचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. फेब्रुवारीत मांडव उतरला आणि मार्च सरता सरता लवूची व्हॅन तापायला लागली. आरोंद्याहून शाळेची मुलं नेणारी ती गाडी सतरा वर्षं जुनी. मे महिन्यात शाळेला सुट्टी, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी तिला सावंतवाडी गाठावीच लागे. लवूची थोरली बहीण आनंदी, जिला सगळा गाव अक्का म्हणे, तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुतलं की अक्का चालती-बोलती. एक पाळी चुकली की श्वास लागायचा.

गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, तर सकाळी पाणी दोन बोटं खाली. जमिनीवर मात्र थेंब नाही.

गुरुवारी लवू गाडी तिठ्यावरच्या गणपत मिस्त्रीकडे घेऊन गेला. गणपतने इंजिनावरची पुढची सीट उचलली, तेलाचं झाकण काढून उलटं धरलं. झाकणाला दुधाच्या चहासारखा फेस. गाडी चालू करायला लावली, तर मागून पांढरा धूर. इंजिन गरम झालं तरी थांबेना. मग रेडिएटरच्या पाण्यात बोट बुडवून त्याने जिभेला लावलं आणि थुंकला.

"पाणी खंयचा घालतंस रे लवू?"

"घरच्या बावीचा."

"वैशाखात? अरे, मीठ आसा तेच्यात! खाडी शिरता तुझ्या बावीत. तुमी पितास काय ता?"

"आमी नाय पिणव. पण गाडयेक कसली चव?"

गणपत हसला नाही. "मिठान हेडाचो गॅसकेट खाल्ल्यान. पाणी भायर पडणा नाय, इंजिनात जाता आणि धूर जावन उडता. इंजिन खोलूक व्हया. तवसर अक्काक दुसऱ्या गाडयेन ने."

लवूने मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. तीन वर्षं हा माणूस रेडिएटरात विहिरीच्या पाण्याऐवजी घालायच्या हिरव्या कूलंटची बाटली गळ्यात मारायला बघत होता. लवूने दाद दिली नाही, तर आता थेट इंजिनच खोलायला निघाला. आणि दुसरी गाडी म्हणजे कोणाची? चुलतभाऊ जितेंद्रची. एकाच खळ्यात दोघांची घरं, आणि जितेंद्रने पाडव्याला नवी आठ सीटची गाडी आणलेली. जूनपासून शाळेची फेरी त्याला हवी असणार, हे लवूने कधीच पक्कं धरलं होतं. रेडिएटरमधलं पाणी काढतो तो जितेंद्र, आणि गाडी मोडीत निघाली असं सांगतो तो गणपत. दोघांचं साटंलोटं त्याला स्वच्छ दिसायला लागलं.

संध्याकाळी त्याने रेडिएटर भरला आणि चुलीतली राख आणून गाडीभोवती पसरली. त्याची बायको सावित्री पडवीतून बघत होती. "मेल्या माणसाची पावलां बघूक पीठ पसरतत. तुमी जित्याची बघूक राख पसरतास?"

"तू गप रव गो!"

सकाळी राख होती तशी होती. त्यावर फक्त कोंबडीचे पाय. पाणी मात्र दोन बोटं खाली. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं, पाणी आतच जातं. लवू म्हणाला, "फळी टाकून इलो आसतलो मेलो."

एवढ्यात जितेंद्र दात घासत खळ्यात आला. "लवूदादा, राख कसली रे?"

"कोणाचे पाय उमटतत ता बघतंय."

"मगे? उमटले?"

"कोंबडयेचे."

"मगे धर तिका, सोडू नको!" जितेंद्र हसला. "अक्काक आज मी सोडतंय. माका बांद्याक जावचाच आसा."

"नको. आमची गाडी आसा."

अक्का पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. "अरे, कोणाच्याय गाडयेन ने. माका पोचाक व्हया, वरात नाय काढूची."

लवूने तिला हाताला धरून आपल्याच गाडीत बसवलं.

मळेवाड मागे पडलं आणि चढाला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला. लवूने गाडी रेटली. इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं. सीटखालून वाफ उसळली. एक तास तो रस्त्यावर उभा राहिला. दोन रिक्षा गेल्या, दोन्ही भरलेल्या. फोन खिशात होता. पण जितेंद्रला बोलावलं की गाडी मेली हे गावभर होणार आणि शाळेची फेरी जाणार, म्हणून त्याचा हात खिशाकडे जाईना.

"लाव रे बाबा फोन," अक्का धापा टाकत म्हणाली.

तेव्हा त्याने लावला. जितेंद्र बांद्याला पोचला होता. तो यायला आणखी तास गेला. सावंतवाडीत पोचेपर्यंत अक्काचं यंत्र दुसऱ्याला लागलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि उद्या सकाळी सातला पहिला नंबर दिला.

परतताना अक्का मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. लवूने पुढे बघतच विचारलं, "जूनपासून शाळेची फेरी तू घेतलंस मां?"

"शाळेची?" जितेंद्रने त्याच्याकडे वळून पाहिलं. "माका खंय वेळ? ही गाडी मोपाच्या विमानतळाक लावलंय. पोरांची कटकट तुझी तुकाच लखलाभ."



अक्का, म्हणजे लवूची थोरली बहीण आनंदी, शनिवारी, तेरा मे दोन हजार तेवीस रोजी पहाटे पाच वाजता आरोंद्याच्या घरी वारली. तिचं वय एकोणसत्तर होतं.