ओसरीवरची परडी

रश्शातली पहिली फोड तोंडात घातली आणि पार्बताबाईंचं चावणं थांबलं. भागीरथाने ते पाहिलं. लेक माया धामणगावला दिल्यापासून विहीण वरुडात पहिल्यांदाच जेवायला बसली होती.

"काहून वो इनबाई, गोड नाही लागले आलू?"

"लागले न. जरासे कडसर आहेत." पार्बताबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "तुमची लेक दिवसभर सांगते, आमच्या मायच्या आलूले तोड नाही. म्हटलं, खाऊनच पाहू."

माया मान खाली घालून जेवत होती. तिने एकही फोड बाजूला सारली नाही. भागीरथाला तेच जास्त लागलं.

आलूचं वाण चांगलं होतं. कृषी सहायकाने सांगितलं तसंच निघालं. फार वाट पाहायला न लावता संत्र्याच्या झाडांच्या रांगांमधल्या जागेत तयार झालं. लांबट-गोल, पिवळसर साल, डोळे इतके उथळ की सोलताना काही वाया जाऊ नये. फोड शिजायची, पण रश्शात विरघळायची नाही. सहायकाने आणखी एक बजावलं होतं, "काकू, काढले का अंधारात ठेवजा." पण असे देखणे आलू कोण लपवून ठेवणार? भागीरथाने निवडून धुतले, पुसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे ओसरीवर, उजेडात परडीत मांडले. विहीण येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. सालीवर हिरवी झाक चढली तेव्हा तिला वाटलं, सोलली की जाईल.

निघताना मायाने सकाळीच बांधून ठेवलेलं गाठोडं उचललं. त्यातही परडीतलेच आलू होते. पार्बताबाईंनी ते काखेत घेतलं.

"असू द्या. आमी खाऊ."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. भागीरथाने गाठोड्याचं टोक धरलं.

"नका नेऊ, इनबाई. उजेडानं हिरवे पडले, पोटाले बाधतीन. मले सांगतलं होतं. मीच आयकलं नाही."

ती आत गेली. खाटेखालच्या पोत्यात घरच्यांसाठी ठेवलेले आलू होते. बारके, वाकडे, मातीसकट. तिने ते दुसऱ्या फडक्यात बांधून आणले.

"हे दिसाले बरे नाहीत."

पार्बताबाईंनी एक काढून अंगठ्याने माती पुसली. साल स्वच्छ पिवळी होती. त्यांनी तो परत फडक्यात ठेवला. गाठ पुन्हा घट्ट बांधून जीपमध्ये बसल्या.

जीप वळली. ओसरीवर परडीतले आलू अजून चकाकत होते. आता उपयोग नव्हता, तरी भागीरथाने त्यांच्यावर गोणपाट टाकलं.