पडवीतली वाऱ्याची जागा

"नूतनताई, तुमचे रंग जरा पलीकडं घ्याल? बॅटरीला इथंच वारा लागतोय," सुरभी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता हातातलं जडशीळ धूड तिनं पडवीच्या फरशीवर अलगद टेकवलं.

नूतननं रंगाच्या वाट्या उचलल्या. लग्न होऊन आल्यापासून ती या खिडकीशी बसून पेणच्या कारखान्यातून आणलेले गणपती रंगवत होती. आता तिला चुलीपाशी बसावं लागणार होतं, कारण धाकट्या जावेच्या विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीला चुलीची धग चालत नव्हती. ऊन चालत नव्हतं, ओल चालत नव्हती. नूतनला मात्र सगळंच चालतं, हे घरानं कधीच ठरवून टाकलं होतं.

"शोरूमवाल्यानं बजावलंय," सुरभी सासूला सांगत होती. "गाडी चालवून आलं की आधी निवू द्यायची, मग तिच्याच चार्जरवर लावायची. वर काय झाकायचं नाय, नायतर तापते."

"बाळंतिणीपरीस जपाय लागतंय गो हिला," कृष्णाबाई कौतुकानं म्हणाल्या.

सुरभी रोह्याची, शिकलेली, पेणच्या दवाखान्यात कामाला. डोलवीच्या कंपनीत लागलेल्या अमोलनं बायकोला स्कूटर घेतली. नूतनच्या नवऱ्यानं, जितेशनं, तिला साधी सायकल कधी घेतली नाही. वडखळच्या नाक्याकडे ती पायी निघाली की स्कूटर शेजारून आवाज न करता पुढे जायची. भोंगा वाजवत गेली असती तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. वर सुरभी थांबून "बसा ना" म्हणायची, तेव्हा तर नूतनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रविवारी सुरभी बॅटरी चार्जिंगला लावून अमोलच्या मोटारसायकलवरून बाजाराला गेली. चुलीच्या धगीत घाम पुसत नूतन सोंडेला रंग देत होती. समोर बॅटरी वारा खात बसलेली, चार्जरचा दिवा लुकलुकत होता. नूतन उठली. काम थांबलं की धूळ बसू नये म्हणून मूर्तींवर टाकायची ती जाड गोधडी तिनं उचलली आणि चार्जरसकट बॅटरीवर टाकली. धूळ बसेल म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. सुरभीचं बोलणं तिला तोंडपाठ होतं.

दुपारी जळकट वास आला. नूतन धावली. गोधडीखालून धूर येत होता. कृष्णाबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या.

"पाणी नको, आत्याबाय! वायर चालू हाय. तुम्ही भायेर व्हा!" तिनं मेन स्विच पाडला, काठीनं गोधडी ओढून अंगणात फेकली आणि सासूला दंडाला धरून बाहेर काढलं.

संध्याकाळी शोरूमवाल्यानं जाड हातमोजे घालून बॅटरी घरापासून लांब उघड्यावर ठेवली. चार्जर वितळला होता, बॅटरी फुगली होती.

"आता ही लावायची नाय. हात पण लावू नका, आमी घेऊन जातो," तो म्हणाला.

अमोल बायकोवरच उखडला. "गरम असतानाच लावली असशील. अक्कल हाय का तुला? घर पेटलं असतं!"

सुरभी खाली मान घालून उभी राहिली. नूतनला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल.

"मी झाकली गोधडीनं," ती म्हणाली.

"बघा, थोरली कशी सांभाळून घेते," कृष्णाबाई म्हणाल्या.

"सांभाळून नाय. मला ठावं होतं तापते ती. तरी झाकली. हिचं बघवत नव्हतं मला."

सुरभीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुरभी नाक्यापर्यंत पायी जाऊन पेणची एसटी पकडू लागली. खिडकीशी वारा होता, उजेड होता, पण नूतनचं मन लागेना. एका संध्याकाळी कामं तशीच टाकून ती नाक्याच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. सुरभी येताना दिसली, खांद्याला पिशवी, पाय धुळीनं भरलेले.

"दे गो इकडं," नूतननं हात पुढे केला.

सुरभीनं पिशवी दिली नाही. ती तशीच पुढे निघाली. थोडं अंतर गेल्यावर मात्र नूतनला गाठता येईल इतपत तिनं चाल मंद केली.